बापूचा तांबेरा

बापूनं नवीन भाषा शिकायला घेतली की जेऊरात ती खबर सगळ्यात आधी मला लागते. त्याच्या बायकोच्याही आधी. कारण स्टेशनच्या रस्त्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि बापूला पुस्तक कागदावर लागतं. सातबारा, आठ-अ, पीकविमा असली गिऱ्हाइकं रांगेत उभी असतात. त्यांच्या डोक्यावरून बापूचा हात पुढं येतो, हातात पेन ड्राइव्ह असतो आणि मागून आवाज येतो, "चौथ्या धड्यापासून काढ."

"आन पहिले तीन?"

"ते नवशिक्यांसाठी असतात रे."

गेल्या पाच-सहा वर्षांत हे बोलणं आमच्यात सहा वेळा झालं. भाषा दर वेळी वेगळी, वाक्य तेच.

ही भाषा म्हणजे कानडी-तेलुगू नव्हे, कॉम्प्युटरची. बापू माझा वर्गमित्र. पुण्यात इंजिनिअर झाला, हिंजवडीत वीस वर्षं घासली आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये दोन मोठे स्क्रीन गादीत गुंडाळून गावी आला. आठ दिवसांसाठी आलेला माणूस अजून माडीवरून खाली उतरलेला नाही. वीस वर्षं तिकडं काय केलं असं विचारलं, तर म्हणायचा, "जावा." वडीलधाऱ्यांना आपली जुनी मोटरसायकल आठवायची. शेजारच्या म्हातारीनं मात्र दोन्ही हात जोडले. "वीस वर्सं जावांत काढली? बाबा, तुला कुठंबी ठिवला तर तू टिकशील."

मी बी.कॉम. कॉम्प्युटरशी माझा संबंध सरकारी वेबसाइट आणि अडकलेला कागद एवढाच. पण माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून बापूनं मला इतकं ऐकवलंय की ऐकून ऐकून माझ्याही अंगात चार शब्द मुरले आहेत. त्या जोरावर सांगतो.

बापू हा एकटा बापू नाही, ती एक जात आहे. तिला मी 'जाणता नवशिका' म्हणतो. तीस वर्षं एसटी चालवलेला ड्रायव्हर मुलाच्या नव्या गाडीत बसला की पहिलं वाक्य काय बोलतो? "ह्याचा गिअर असा का?" गाडी बिघडलेली नसते, फक्त वेगळी असते. आणि वेगळं असणं हाच जाणत्या माणसाच्या लेखी पहिला बिघाड.

बापूच्या नव्या भाषेचं पहिलं पर्व तयारीचं. त्याला दोन-तीन आठवडे लागतात. आधी एडिटर कोणता यावर स्वतःशीच वाद, मग त्यात अक्षराचं वळण कोणतं, मागचा रंग काळा की काळसर. एकदा टकटक आवाज करणारा खास कीबोर्ड मागवला. त्या आवाजानं खाली त्याच्या म्हाताऱ्या बापाची झोप उडाली आणि "वर कोण सुपारी फोडतंय?" अशी चौकशी झाली. आमच्याकडं शेतकरी पाऊस होऊन वापसा आला की पाभर काढतो. बापू वापसा असताना पाभरीला रंग देत बसतो. रंग वाळेपर्यंत जमीनही वाळते.

दुसरं पर्व रामरामाचं. १९७८ साली कर्निगन आणि रिची या दोघांनी सी भाषेवर पुस्तक लिहिलं आणि त्यातल्या पहिल्या प्रोग्रामनं जगाला नुसता नमस्कार घातला. तेव्हापासून कोणतीही भाषा शिकायची तर आधी 'हॅलो वर्ल्ड' छापायचं असा जगभर शिरस्ता पडला. बापूनं सहा भाषांत जगाला नमस्कार केला आहे. पण आपल्याकडं राम राम झाला की माणूस दोन मिनिटं थांबून पाऊसपाणी विचारतो. बापू राम राम घालतो आणि दुसऱ्या गल्लीत वळतो.

तिसरं पर्व माहेरच्या आठवणींचं, आणि तेच खरं. सासरी आलेली सून जशी प्रत्येक भाजीला "आमच्यात यात दाण्याचं कूट घालतात" म्हणते, तसा बापू. पायथनमध्ये महिरपी कंस नाहीत, ओळीच्या सुरुवातीच्या नुसत्या मोकळ्या जागेवरून ओळींचा गट कुठं संपला ते ठरतं. बापू म्हणाला, "जावात असं नव्हतं. हे म्हणजे बांध न घालता वाटणी." कोटलिन जावाच्याच घरोब्यातली. तिला तो जावाची धाकटी जाऊ म्हणाला आणि दोघींचं पटतं का एवढंच बघून परत आला. हॅस्केल उन्हाळ्यातल्या एका दुपारी झाली. त्यातली एक अवघड कल्पना त्यानं न्हाव्याला समजावून सांगितली, तेव्हा बापूचा एक कल्ला वर आणि एक खाली झाला. गूगलनं २००९ साली आणलेल्या गो भाषेवर त्याचा एकच राग, तिच्यात जेनेरिक्स नावाची सोय नाही. चिडून त्यानं ती सोडली. २०२२ च्या मार्चमध्ये गोमध्ये जेनेरिक्स आले. मी पेपरवाल्यासारखी बातमी द्यायला गेलो, तर म्हणाला, "आता काय उपयोग? मन उडालं."

बरं, शिकणं म्हणजे काय ते या जिल्ह्याला कुणी सांगायला नको. सोलापुरात माझा मामा चादरीच्या दुकानात मुनीम होता. पद्मशाली विणकर तेलुगू बोलायचे, अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक कानडी बोलायचं, घरी मराठी. मामानं कोणत्याही भाषेचा पहिला धडा वाचला नाही आणि चौथाही नाही. चुकीचा भाव सांगून, लोकांना हसवून, हसणाऱ्यांना विचारून तो शिकला. तेलुगूत पहिल्या वर्षी त्यानं काय काय विकलं असेल ते देव जाणे. पण तो कधी म्हणाला नाही की तेलुगूत मराठीसारखा 'ळ' हवा तिथं का येत नाही.

बापूची गंमत अशी की त्याची स्वतःची बोलीच त्याला परत शिकावी लागली. आमच्या जेऊरच्या नागराज मंजुळेंचा 'सैराट' २०१६ साली आला आणि आमची करमाळ्याकडची बोली एकदम मुंबई-पुण्यात चालायला लागली. ऑफिसातली पोरं बापूच्या मागं लागली, तुमच्या गावचं बोलून दाखवा. बापू बोलला, आणि सगळ्यांना वाटलं हा सिनेमा बघून शिकलाय. 'कुठं' म्हणायचं तिथं 'कुठे' यायचं. गावी परत आल्यावर दोन वर्षं भाजीवाली त्याला 'साहेब' म्हणत होती. मग एके दिवशी शेपूच्या जुडीवरून त्याच्या तोंडून अस्सल शब्द गेला आणि तिनं खूश होऊन कोथिंबीर फुकट दिली.

तर या बापूनं गेल्या वर्षी रस्ट घेतली.

घरी त्यानं नाव सांगितलं तेव्हा त्याची म्हातारी आई म्हणाली, "गंज?" बापू म्हणाला, "लोखंडाचा नव्हे. ज्यानं ही भाषा काढली त्या ग्रेडन होरनं म्हटलंय, बुरशीचं नाव आहे. पिकावर पडते ती." म्हातारीच्या लगेच ध्यानात आलं. "म्हंजे तांबेरा!"

झालं. बापू तांबेरा शिकतोय ही बातमी स्टेशनापासून वेशीपर्यंत गेली. तांबेरा गव्हावर पडतो, उसावर पडतो, आता पोरावर पडला. ज्यानं पीक जातं त्याचं नाव लेकराला ठेवणारा बाप कसला, हा म्हातारीचा प्रश्न. बापूनं खुलासा केला की ही बुरशी काही केल्या मरत नाही, तिचा चिवटपणा त्या माणसाला आवडला. हे खरं आहे. गव्हावरच्या काळ्या तांबेऱ्याचे पाच तऱ्हेचे बीजाणू असतात आणि त्याचा फेरा एका झाडावर पुरा होत नाही, दुसऱ्या जातीचं झाड लागतं. म्हातारी बापूकडं बघून म्हणाली, "एका झाडावर भागत न्हाई, व्हय?"

भाषा जन्मली कशी तेही बापूनं मला रंगवून सांगितलं. २००६ साल, कॅनडातलं व्हँकुव्हर. हा होर २१ व्या मजल्यावर राहायचा. घरी येतो तर लिफ्ट बंद, तिचं सॉफ्टवेअर कोसळलेलं. जिने चढता चढता त्यानं विचार केला की साधी लिफ्ट चालवणारा प्रोग्राम आपल्याला धडपणे लिहिता येऊ नये? बहुतेक घोटाळे मेमरीचे, म्हणजे कोणती जागा कुणाची आणि ती कधी मोकळी करायची याचे. मग त्यानं अशी भाषा योजली की घोटाळा प्रोग्राम चालायच्या आधीच पकडला जाईल. मोझिलानं पुढं ती आपल्या पंखाखाली घेतली आणि २०१५ च्या मे महिन्यात पहिली पक्की आवृत्ती निघाली. जेऊरात लिफ्ट म्हणजे मोटरसायकलवाल्याला हात करून मागायची वस्तू. तरी गोष्ट मला पटली. एकवीस मजले चढून आलेला माणूस शिव्या देतो, यानं भाषा दिली.

बापूनं लॅपटॉपवर या भाषेचा शुभंकर चिकटवला, तांबडा खेकडा. उजनीच्या पाण्याकाठी वाढलेल्या माणसाला खेकडा बघून भूक लागते, स्फूर्ती येत नाही. पण मी बोललो नाही. मी चौथ्या धड्यापासून पानं काढून दिली.

आणि इथं पहिल्यांदा बापूचा हिशोब चुकला. या पुस्तकाच्या पहिल्या तीन धड्यांत वळणं, चक्रं, चल असलं नेहमीचं सामान आहे. चौथा धडा मालकीचा. नेमका तोच, जो वीस वर्षांच्या अनुभवात कुठं आलेला नाही. जावात वापरून झालेली मेमरी उचलायला आपोआप गाडी फिरते, नगरपालिकेच्या घंटागाडीसारखी. तुम्ही टाकून द्या आणि विसरा. सीमध्ये आपला कचरा आपण उचलायचा. रस्टमध्ये घंटागाडी नाही आणि मोकाट सोडायची मुभाही नाही. प्रत्येक वस्तूला एकच मालक. मालक गेला की वस्तू गेली. दुसऱ्याला द्यायची तर मालकी देताय की उसनी देताय, ते आधी लिहून द्या.

बापू लिही आणि कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम तपासणारा कारकून, तो परत पाठवी. नुसता परत नाही, तांबड्या रेघेनं अधोरेखित करून, त्रुटी क्रमांकासह, शेवटी 'असं करून बघा' असा सल्लाही. अर्ज साध्या कारणावरून परत आला की जेवढा संताप येतो, त्याच्या दुप्पट तो सभ्य भाषेत आला की येतो. "मी वीस पोरांचे प्रोग्राम तपासतो," बापू स्टुलावरून ओरडला, "आणि हा मला ई-०३८२ दाखवतो!" रांगेतल्या एका बाईनं घाबरून विचारलं, "माझाबी तोच आलाय का?"

मग बापूनं पळवाट काढली. रस्टमध्ये वस्तूची नक्कल काढता येते. मूळ आपल्याकडं, नक्कल समोरच्याला. बापूनं जिथं तिथं नकला काढल्या. मी झेरॉक्सवाला, मला हा मार्ग आवडला. पण त्याचा प्रोग्राम इतका रेंगाळला की तोच म्हणाला, "हे रस्ट नाही, रस्टच्या अंगरख्यात जावाच आहे." प्रोग्रामरांत एक जुनी थट्टा आहे म्हणे. फोर्ट्रान ही आयबीएमची १९५७ सालची भाषा, आणि अस्सल फोर्ट्रानवाला कोणत्याही भाषेत लिहायला बसला तरी फोर्ट्रानच लिहितो. पुण्याच्या ऑफिसात करमाळ्याची बोली बोलणारा बापू मला आठवला.

नोव्हेंबर उजाडला. हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनर यायला लागले. त्यात आमच्या भागात तलाठी म्हणून आयुष्य काढलेले भाऊसाहेब. त्यांचा अंगठा यंत्राला उमटेना. ते अंगठा पुसत बसले, शेजारी बापू दात खात बसला.

"काय म्हणतंय तुमचं मशीन?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"म्हणतंय, ही यादी आता तुमच्या मालकीची राहिलेली नाही."

"मग कुणाच्या नावावर हाय?"

"मी खालच्या फंक्शनला दिली होती."

"दिली म्हंजे? खरेदीखत करून दिली का नुसती बघायला?"

बापू थांबला. "बघायला."

"मग तसं लिवा की! खरेदी देऊन मोकळं झालात आन आता सातबारा मागताय व्हय?"

बापूनं एक चिन्ह घातलं, '&'. कंपायलर गप्प. बापूही गप्प. मग लहान पोरासारखं त्यानं हळूच पुढचं विचारलं, "भाऊसाहेब, आणि एकाला वस्तू बदल करायला दिली, तर त्या वेळी दुसऱ्याला बघूही देत नाही. हा काय न्याय?"

"बरोबरच हाय. बदल म्हंजे फेरफार. उतारे तुम्ही शंभर काढा, कुणाचं काय जातंय? पर फेरफार एकाच्याच हातानं. आन तो चालू असताना उतारा देऊ नये. अर्धा जुना, अर्धा नवा कागद भायेर गेला, की भावाभावांत डोकी फुटतात. चाळीस वर्सं तेच निस्तरलं."

"आणि उसनी वस्तू मालकापेक्षा जास्त जगता कामा नये म्हणतो."

भाऊसाहेबांनी यंत्रावर पुन्हा अंगठा ठेवला. या खेपेला हिरवा दिवा लागला. "घ्या," ते म्हणाले, "मालक हयात हाय. पुढं चालू द्या."

ते दाखला घेऊन गेले. तीन आठवडे न सुटलेला धडा सातबाऱ्याच्या रांगेत सुटला होता. एखादा हरखला असता. बापूचं तोंड मात्र उतरलं. वीस वर्षांचा अनुभव असताना आपल्याला हे तलाठ्यानं समजावावं, आणि तेही अंगठा पुसता पुसता.

त्या रात्री म्हाताऱ्यानं त्याला विचारलं म्हणे, काय झालं. बापूचे वडील रेल्वेत पॉइंट्समन होते. तेव्हा रूळ एकेरी, आतासारखी दुहेरी लाइन नव्हती. बापूनं मालकीची भानगड सांगितली. म्हातारा म्हणाला, "ह्यात काय? गोळा." एकेरी रुळावर दोन स्टेशनांच्या मधल्या टप्प्यात एकच गाडी असावी, म्हणून यंत्रातून लोखंडी गोळा काढून ड्रायव्हरच्या हाती द्यायचे. गोळा ज्याच्या हाती, वाट त्याची. पुढच्या स्टेशनात तो यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा निघतच नाही.

"मग तुमचे गोळे गेले, बटनं आली, तेव्हा कसं शिकलात?"

"भुसावळला धाडलं ट्रेनिंगला. नव्या पोरांत बसलो. मास्तर म्हणाले, हा दिवा तांबडा. म्हटलं, बरं."

"तांबडा दिवा? वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला? लाज नाही वाटली?"

"गाड्या धडकल्या असत्या, तर वाटली असती."

दुसऱ्या दिवशी बापू दुकानात आला. रांगेत उभा राहिला. नंबर आल्यावर खाली बघून म्हणाला, "पहिले तीन धडे दे."

आता कबूल करतो. ती पानं माझ्याकडं आधीच होती. त्या वेळी चुकून मी सबंध पुस्तकच छापलं होतं आणि पहिले तीन धडे पाठकोरे कागद म्हणून गल्ल्याशेजारी ठेवले होते. निम्म्या पानांमागं माझं हस्ताक्षर. कुणाचा गट नंबर, कुणाचे बाकी पंधरा रुपये, कंदरच्या एका केळीवाल्याच्या गाड्यांचा हिशोब. बापूनं ते सगळं जुळवून पानं लावली. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "शाई पुसट आहे, पण कळतंय."

दुसऱ्या धड्यात एक खेळ आहे. कॉम्प्युटर एक ते शंभरमधला आकडा मनात धरतो, आपण ओळखायचा, तो जास्त की कमी ते सांगतो. पोरासोरांचा प्रोग्राम. बापूनं तो एकेक ओळ मांडत लिहिला. जावातलं काहीही आठवू दिलं नाही. आणि पुस्तकातली इंग्रजी वाक्यं काढून तिथं स्वतःची घातली.

रविवारी मी गेलो, तर म्हातारा लॅपटॉपसमोर चष्मा सारून बसलेला. वर स्क्रीनवर 'राम राम जेऊरकर'. म्हातारा आकडे सांगतोय, बापू टाकतोय.

"पन्नास."

'लई झालं.'

"पंचवीस."

'कमी पडलं.'

"सदतीस."

'कमी पडलं.'

"त्रेचाळीस."

'लई झालं.'

"चाळीस."

'घावला!'

बापू बापाकडं बघतच राहिला. दर वेळी अर्ध्यावर वार. मुलाखतीला येणाऱ्या पोरांना हीच रीत विचारून त्यानं डझनांनी घरी पाठवलेत. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"तारंचे लाइनमन होते आमचे. तार कुठं तुटली ते हुडकायचं, तर आधी निम्म्यावर जायचं. तिथं बोलणं आलं, तर पुढच्या निम्म्यात." म्हाताऱ्यानं चष्मा नीट केला. "शंभरात सातपेक्षा जास्त फेऱ्या लागत न्हाईत. हजारावर कर, दहांत काढतो."

"करतो," बापू म्हणाला आणि पानं चाळायला लागला. सवयीनं त्याचा हात गठ्ठ्याच्या तळाशी, चौथ्या धड्याकडं गेला. मग त्यानं तो वर घेतला आणि केळीवाल्याच्या हिशोबाचं पान उलटून दुसरा धडा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.